मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर एकच, वेळा चार. खरी कोणती?

कऱ्हाडकर

नमस्कार मंडळी. आई-बाबांना जुलैत न्यूयॉर्कला पाठवायचं आहे, मुंबईहून थेट जेएफके विमानतळाला. तिकीट बघताना वेळेचा मेळ काही लागेना. अंतर सगळीकडे साधारण एकच दिसतं, १२,५४० किमी. वेळ मात्र ज्याची त्याची वेगळी. अंतर सांगणारी एक साईट म्हणते १४ तास २६ मिनिटं, दुसरी म्हणते १६ तास ५ मिनिटं. तिकिटावर निघायची वेळ रात्री १:५० आणि पोचायची त्याच दिवशी सकाळी ८:००, म्हणजे वरवर बघितलं तर सहा तास! परतीचं विमान तिथून सकाळी ११:३०ला निघून दुसऱ्या दिवशी ११:२०ला मुंबईत.

वेळ नक्की किती धरायचा? जाताना-येताना फरक कशामुळे पडतो? आणि नकाशात विमान सरळ पश्चिमेला न जाता रशिया-आइसलंडवरून वळसा घेताना दिसतं, तो वळसा १२,५४० मध्ये धरलेला असतो की वेगळा? बाबांना दर बारा तासांनी गोळी असते, म्हणून जरा नेमकं हवं आहे.

अक्षवृत्त

शेवटचा प्रश्न आधी घेतो. तो वळसा नाहीच, सगळ्यात जवळचा रस्ता तोच आहे.

भिंतीवरच्या नकाशात मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडलीत तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक अशी जाते. कंपासची दिशा न बदलता त्या रेघेवरून गेलं तर सुमारे १४,२०० किमी पडतात. पृथ्वीच्या गोलावर तीच दोन ठिकाणं दोरा ताणून जोडलीत तर १२,५४०. साडेसोळाशे किमीचा फरक केवळ सपाट नकाशामुळे दिसत नाही. गोलावरच्या या वाटेवर मुंबई सोडतानाची दिशा ३३३ अंश येते, म्हणजे उत्तरेपासून जेमतेम २७ अंश पश्चिमेकडे. पुढे कच्छ, सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानची पश्चिम बाजू, रशियात सारातोव्ह, सेंट पीटर्सबर्गच्या जवळून दक्षिण फिनलंड, नॉर्वेत ट्रॉन्डहाइमचा परिसर, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, लॅब्राडॉर, मेन आणि खाली न्यूयॉर्क. सर्वांत उत्तरेकडचा बिंदू साधारण ६४.७ अंशांवर, आइसलंडच्या अलीकडे. उत्तर ध्रुवाशी या मार्गाचा काही संबंध नाही, तरी लोक 'ध्रुवावरून जातं' असं म्हणतात.

आकडा स्वतः काढायचा असेल तर एक्सेलमध्ये पाच मिनिटांचं काम आहे. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनने गुणा. दोन्हींची बेरीज करा, तिचा उलटा कोसाइन काढा आणि पृथ्वीच्या त्रिज्येने, म्हणजे ६,३७१ने गुणा. उत्तर १२,५३० च्या आसपास येईल. साईटवर दहा-बारा किमी जास्त दिसतात, कारण पृथ्वी विषुववृत्तापाशी किंचित फुगीर आहे आणि साईटचा हिशोब ते धरून केलेला असतो.

हमखास चुकतं ते दोन ठिकाणी. एक्सेलला कोन अंशांत चालत नाहीत, आधी रेडियनमध्ये बदलून घ्यावे लागतात. आणि पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह हवंच. ते विसरलात तर दोन रेखांशांत एका अंशाचाही फरक राहत नाही आणि मुंबई-न्यूयॉर्क अंतर २,४०० किमी येतं! आकडा असा हास्यास्पद आला की पहिला संशय उणे चिन्हावर घ्या.

मैलांतला आकडा वाचताना सांभाळा. ७,७९३ आणि ६,७७० हे दोन्ही याच अंतराचे 'मैल' आहेत. पहिले रस्त्यावरचे, १.६०९ किमीचे, दुसरे सागरी, १.८५२ किमीचे. वैमानिक सागरी मैलच वापरतात. नेवार्कला उतरलात तर अंतर फक्त पंधरा किमीने वाढतं, तेव्हा वेळेच्या हिशोबात जेएफके आणि नेवार्क एकच समजा.

डिस्पॅच_डेस्क

अंतर झालं, आता वेळ.

तुमच्या दोन्ही साईट प्रत्यक्ष विमान बघतच नाहीत. अंतराला एका ठरीव वेगाने भागायचं आणि चढ-उतारासाठी अर्धा तास मिळवायचा, एवढंच करतात. पहिलीने ताशी ९०० किमी धरले: १३ तास ५६ मिनिटं अधिक ३० मिनिटं, झाले १४:२६. दुसरीने ताशी ५०० मैल, म्हणजे ८०५ किमी धरले: १५:३५ अधिक ३०, झाले १६:०५. जाताना आणि येताना एकच वेळ दाखवणारी साईट दिसली की समजायचं, हा नुसता भागाकार आहे.

तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात. जुलैत न्यूयॉर्क भारतापेक्षा साडेनऊ तास मागे. १:५० ते ८:०० हे ६ तास १० मिनिटं, त्यात ९:३० मिळवा: १५ तास ४० मिनिटं. येताना उलट, २३:५० मधून ९:३० वजा: १४ तास २० मिनिटं. हिवाळ्यात फरक साडेदहा तासांचा होतो. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात, आपली जागची हलत नाहीत. जाणं ऑक्टोबरात आणि येणं डिसेंबरात असेल तर दोन्ही हिशोब वेगवेगळे करा.

या १५:४० ला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईत चाकांखालचे ठोकळे निघाल्यापासून न्यूयॉर्कला ते परत लागेपर्यंतचा वेळ. आत काय काय असतं ते ढोबळ आकड्यांत मांडतो.

विमानाचा हवेतला वेग माख ०.८४ ते ०.८५, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ८४-८५ टक्के. पस्तीस हजार फुटांवर बाहेर उणे ५४ अंश असताना हे ताशी ९०० किमीच्या आसपास पडतं. प्रत्यक्ष मार्ग १२,५४० चा कधीच नसतो, १३,०५० धरू. समोरून सरासरी ताशी ३० किमी वारा धरला तर जमिनीवरचा वेग ८७०, म्हणजे बरोबर १५ तास. चढताना-उतरताना वेग कमी असतो त्याची १० मिनिटं, दोन्हीकडे टॅक्सीची, म्हणजे गेट आणि धावपट्टी यांमध्ये जमिनीवर चालण्याची, मिळून ३०. झाले १५:४०. परतीला मार्ग १३,१५०, पाठीमागून ७० किमीचा वारा, वेग ९७०: १३ तास ३३ मिनिटं. चढ-उताराची १०, टॅक्सीची ४०, कारण जेएफकेला उड्डाणाची रांग लांबते. १४:२३ येतात. वेळापत्रकात १४:२० आहे, तीन मिनिटांवरून वाद नको. वारे मी सोयीने निवडलेत हे उघड आहे, पण रोजचा हिशोब याच सांगाड्याचा असतो.

हाच उलटा वारा जानेवारीत सरासरी ६० झाला तर जाताना १६ तास १० मिनिटांच्या पुढे जातं. म्हणून कंपन्या उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकात ब्लॉक टाइम वेगळा लावतात. शिवाय वेळेवर पोचल्याची टक्केवारी सांभाळायला थोडा वेळ मुद्दाम वाढवून ठेवतात. 'विमान वीस मिनिटं आधी पोचलं' ही कौतुकाची घोषणा बहुतेक वेळा त्या वाढीव वेळातूनच येते.

शंकासुर

डिस्पॅचराव, इतका वारा-वारा कशाला? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. न्यूयॉर्कहून येताना मुंबईच... थांबा, उलटं झालं. पूर्वेकडे येताना मुंबई विमानापासून लांब पळायला हवी, मग तेव्हाच जास्त वेळ लागायला हवा ना?

अक्षवृत्त

तुमचं तर्कशास्त्र नेटाने पुढे नेलं तर मुंबईची जमीन ताशी सुमारे १,५८० किमीने पूर्वेला सरकते आहे आणि ९०० च्या विमानाला ती कधीच सापडणार नाही. तसं होत नाही, कारण हवाही जमिनीबरोबर फिरते आणि विमान त्या हवेत उडतं. विमानाला फरक पडतो तो जमिनीच्या तुलनेत हवा किती सरकते आहे याचा, म्हणजेच वाऱ्याचा. पृथ्वीच्या फिरण्याचा हात त्यात आहे, पण आडून. विषुववृत्त तापलेलं, ध्रुव थंड, त्यामुळे वरच्या थरात हवा ध्रुवाकडे निघते आणि फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते. तेच जेट प्रवाह. नऊ ते बारा किमी उंचीवर, म्हणजे नेमके विमानांच्या वाटेत. हिवाळ्यात गाभ्यात ताशी २०० किमीच्या वर वारा ही नेहमीची गोष्ट.

एक बारकावा. जाताना गमावलेला वेळ येताना पुरता वसूल होत नाही. १२,५४० किमी, वेग ९००, वारा ८० धरा. समोरून असताना १५:१८, मागून असताना १२:४८, बेरीज २८:०६. वारा नसताच तर दोन्ही मिळून २७:५२. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, सुलट्यात कमी वेळ राहतं, म्हणून ही चौदाएक मिनिटं बुडीत खात्यात.

डिस्पॅच_डेस्क

आणि म्हणूनच डिस्पॅचर, म्हणजे जमिनीवर बसून उड्डाणाचा मार्ग आणि इंधन ठरवणारा माणूस, कमी अंतराचा मार्ग शोधत नाही, कमी वेळाचा आणि कमी इंधनाचा शोधतो. लंडन आणि वॉशिंग्टन इथल्या जागतिक हवामान केंद्रांकडून उंचीवार वाऱ्यांचे अंदाज येतात, त्यावरून उड्डाणाच्या काही तास आधी संगणक मार्ग काढतो. सोमवारचा आणि मंगळवारचा मार्ग शेकडो किमीने वेगळा असू शकतो.

याचं सर्वांत ठळक उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने ते विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अटलांटिकचा मार्ग सुमारे १३,९०० किमी, पॅसिफिकचा १५,३००. चौदाशे किमी जास्त उडूनही साधारण साडेचौदा तासांत पोचलं, म्हणजे आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर. सगळा वाटभर वारा पाठीशी.

मुंबई–न्यूयॉर्कला जाताना अशी पळवाट नाही. पूर्वेकडून गेलं तर अंतर फारच वाढतं. त्यामुळे जेट प्रवाहाच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकून वारा चुकवायचा, एवढंच हातात राहतं. त्यात अटलांटिकची गंमत वेगळी. रात्री १:५०ला निघालेलं विमान ३० अंश पश्चिम रेखांशापाशी ग्रीनिच वेळेनुसार सकाळी साडेसहा-सातला पोचतं. अटलांटिकवर रोज आखले जाणारे सामायिक मार्ग त्या वेळी, म्हणजे १ ते ८ दरम्यान, अमेरिकेहून युरोपला येणाऱ्या रात्रीच्या गर्दीसाठी असतात. पश्चिमेकडे जाणाऱ्यांचे मार्ग ११:३० नंतर. मग आपलं विमान त्या गर्दीच्या बाहेरून, बहुधा उत्तरेकडून काढतात.

वर निघालेल्या चौदाएक मिनिटांपेक्षा मोठा फरक पडतो तो बंद हवाई हद्दींचा. २०२२च्या फेब्रुवारी-मार्चपासून रशियाची हद्द अमेरिकी, युरोपीय संघाच्या, ब्रिटिश आणि कॅनेडियन कंपन्यांना बंद झाली, भारतीय कंपन्यांना नाही. अक्षवृत्तांनी सांगितलेली सारातोव्ह–पीटर्सबर्ग वाट त्यामुळे कंपनीनुसार खुली किंवा बंद. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली. तो फटका दिल्लीला जास्त, कारण विमानाला आधी गुजरातपर्यंत खाली यावं लागतं आणि मग अरबी समुद्र. मुंबईहून निघणारं विमान मुळातच समुद्राच्या काठावर असतं, ओमान किंवा आखाताकडे वळायला त्याला कमी किमी मोजावे लागतात. पश्चिम आशियात काही पेटलं की हीच दक्षिणेची वाट अडचणीत येते. तेव्हा तिकीट काढताना दिसलेला ब्लॉक टाइम प्रवासाच्या आठवड्यात पुन्हा तपासा.

शंकासुर

पटलं. आता शेवटची शंका. एवढा वेळ जातोय तर जरा जोरात का हाणत नाहीत? ०.८५ चं ०.८९ करा, अर्धा तास वाचेल.

डिस्पॅच_डेस्क

चाळीसएक मिनिटं वाचतील, पण माख ०.८६-०.८७ च्या पुढे पंखांवर ठिकठिकाणी ध्वनीपेक्षा वेगाने वाहणाऱ्या हवेचे धक्के तीव्र होतात आणि हवेचा अवरोध एकदम उसळतो. इंधन वेळेच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून कितीतरी जास्त वाढतं.

बोइंग ७७७-३००ईआर धरा. टाक्या काठोकाठ भरल्या तर सुमारे १ लाख ८१ हजार लिटर, वजनात १४५ टन. ताशी सरासरी साडेसात-आठ टन जळतात, सुरुवातीला जास्त आणि शेवटी कमी, कारण विमान हलकं होत जातं. म्हणूनच ते सुरुवातीला ३०-३२ हजार फुटांवर असतं आणि टप्प्याटप्प्याने ३८ हजारांच्या पुढे चढतं. आता मार्ग एका तासाने लांबला तर नुसते आठ टन वाढवून भागत नाही. पंधरा-सोळा तासांच्या उड्डाणात जादा भरलेल्या टनापैकी तिसरा हिस्सा किंवा अधिक, तो टन वाहून नेण्यातच जळतो. वजनाची मर्यादा गाठली की आधी कार्गो खाली राहतो, मग काही जागा रिकाम्या सोडतात. तेही पुरलं नाही तर वाटेत व्हिएन्ना किंवा कोपनहेगनसारख्या ठिकाणी इंधनासाठी थांबा. असा थांबा म्हणजे उतरणं, भरणं, पुन्हा चढणं धरून दीड-दोन तास सहज, आणि कर्मचाऱ्यांचे कामाचे तास संपत आले असतील तर तिथेच नवा चमू चढवावा लागतो.

रात्री निघण्याचाही याच्याशी संबंध आहे. तापलेल्या दुपारी हवा विरळ असते, इंजिनाचा आणि पंखांचा जोर कमी पडतो, त्याच धावपट्टीवरून कमी वजन उचलता येतं. मे महिन्यात मुंबईहून भर दुपारी पूर्ण भरलेलं विमान न्यूयॉर्कला काढायचं म्हटलं तर काही टन मागे ठेवावे लागतील.

हिवाळ्यात आणखी एक. मुंबईत भरतात ते जेट ए-१, उणे ४७ अंशांना गोठणारं. अमेरिकेत भरतात ते बहुधा जेट ए, उणे ४०ला गोठणारं. त्यामुळे थंडीची मर्यादा परतीच्या विमानाला आधी लागते. बाहेर उणे ६५ असलं तरी वेगामुळे हवा घासून विमानाचा पृष्ठभाग पंचवीस-तीस अंशांनी गरम राहतो, म्हणून इंधन लगेच त्या आकड्याला पोचत नाही. पण गोठणबिंदूपासून तीन अंशांच्या आत येऊ द्यायचं नसतं. तिथवर आलं तर उंची कमी करायची किंवा वेग थोडा वाढवायचा. दोन्हीत इंधन जास्त जातं.

कऱ्हाडकर

भन्नाट माहिती, मनापासून आभार. आता वेगळीच अडचण. थेट विमानाच्या तुलनेत लंडन किंवा दुबईवरून स्वस्त पडतंय. थांबा घेतला तर अंतर खूप वाढतं का? आणि न्यूयॉर्कला उतरून पुढे त्यांना देशांतर्गत विमानाने शार्लटला जायचं आहे. किती वेळ ठेवू?

अक्षवृत्त

अंतर आश्चर्य वाटावं इतकं कमी वाढतं. मुंबई–लंडन ७,२१० आणि लंडन–जेएफके ५,५५० मिळून १२,७६०. थेटपेक्षा फक्त २२० किमी जास्त, म्हणजे विमानाची पंधरा मिनिटं. दुबईवरून १,९३० आणि ११,०१० मिळून १२,९४०, म्हणजे ४०० जास्त. दोन्ही शहरं जवळपास वाटेतच आहेत. वेळ अंतरात जात नाही, जमिनीवर जातो.

सहार_रोड

अगदी बरोबर, आणि जमिनीवरचं मी सांगतो.

थांबा घेतला की आणखी एक चढण, एक उतरण, एक टॅक्सी, म्हणजे तासभर तिथेच गेला. मधला लेओव्हर किमान दोन तास. एकूण थेटपेक्षा चार-पाच तास जास्त हे चांगलं कनेक्शन समजा. तिकिटावर पन्नास-साठ मिनिटांचं कनेक्शन दिसलं तर कंपनीच्या नियमात बसत असेलही, पण वयस्कर माणसांसाठी घेऊ नका. लंडनला टर्मिनल बदलायचं असेल तर बस आणि पुन्हा सुरक्षा तपासणी. ट्रान्झिट व्हिसा लागतो का हे तिकीट काढण्याआधी बघा. नियम बदलत असतात आणि काउंटरवर अडवतात तेव्हा काही करता येत नाही.

शार्लटबद्दल. अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतराल तिथेच इमिग्रेशन, आणि बॅगेवर शार्लटचा टॅग असला तरी बहुतेक ठिकाणी ती पट्ट्यावरून उचलून, कस्टम ओलांडून पुन्हा द्यावी लागते. आई-बाबा समजतील की बॅग आपोआप पुढे जाईल, तसं नसतं हे त्यांना दोनदा सांगा. सकाळी ८ला उतरणार तर पुढचं विमान साडेअकराच्या आधीचं नको. व्हीलचेअर तिकिटातच नोंदवा. चालता येत असलं तरी नोंदवा, इमिग्रेशनच्या रांगेत माणूस बरोबर राहतो आणि भाषेची अडचण निभावते.

सगळा प्रवास एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळी दोन तिकिटं काढली आणि पहिलं विमान लांबलं, तर दुसऱ्या कंपनीचं काही देणं-घेणं नसतं. तिकीट गेलं ते गेलं.

विमानतळाचं नाव पूर्ण वाचा, शहराचं नको. 'न्यूयॉर्क' म्हणजे जेएफके, नेवार्क आणि लाग्वार्डिया, तीनही. जेएफकेला उतरून नेवार्कहून पुढचं विमान असलेली तिकिटं स्वस्त दिसतात, कारण मधलं अख्खं न्यूयॉर्क तुम्हाला ओलांडायचं असतं. हवाई अंतर तेहतीस किमी, पण रस्त्याने गर्दीत दीड-दोन तास. तुमचं कुणी एडिसन-प्रिन्स्टनकडे राहत असेल तर उलट नेवार्कच घ्या, घ्यायला येणाऱ्याचा स्टेटन आयलंड ओलांडायचा ताप वाचतो. आणि डिसेंबर २०२५पासून 'मुंबई'सुद्धा दोन आहेत, सहार आणि नवी मुंबई. कोल्हापूर-नागपूरहून जोडून येणार असाल तर कुठे उतरताय आणि कुठून उडताय ते तपासा.

कऱ्हाडकर

आम्ही रस्त्यानेच येणार. रात्री १:५०च्या विमानाला कऱ्हाडहून कधी निघावं? आणि गोळीचं कुणी सांगाल का?

सहार_रोड

आधी तारीख! तिकिटावर १५ जुलै, १:५० लिहिलं असेल तर घरातून १४ला दुपारी निघायचं आहे. १५च्या रात्री जेवूनखाऊन विमानतळावर येणारी मंडळी काउंटरवर नेहमी दिसतात, विमान वीस-एकवीस तासांपूर्वी गेलेलं असतं. व्हॉट्सअॅपवर '१४ तारीख, रात्री साडेदहा, टर्मिनल २' असंच लिहून पाठवा, उड्डाणाची वेळ लिहूच नका.

कऱ्हाड ते सहार सव्वातीनशे किमीच्या आसपास. रस्ता मोकळा असेल तर सहा-सात तास, पण जुलै म्हणजे घाटात पाऊस आणि पनवेलपुढे संध्याकाळची गर्दी. दुपारी एक-दीडला निघा. साडेदहाला टर्मिनलवर असलात तर बॅगा, इमिग्रेशन, सुरक्षा आणि अमेरिकेच्या विमानांना गेटजवळ होणारी जादा तपासणी हे सगळं निवांत होतं. चेक-इन काउंटर उड्डाणाच्या किमान तासभर आधी बंद होतात, मग कितीही विनवण्या करा.

डिस्पॅच_डेस्क

गोळीसाठी बाबांच्या एका मनगटावर भारतीय वेळेचं घड्याळ राहू द्या. समजा गोळ्या सकाळी ८ आणि रात्री ८ला आहेत. सकाळची ८ची विमानात, निघाल्यानंतर सहा तास दहा मिनिटांनी. उतरतील तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे ८, भारतात संध्याकाळचे साडेपाच. रात्रीची ८ची गोळी तिथल्या सकाळी साडेदहाला येते, म्हणजे नेमकी कस्टम किंवा पुढच्या गेटच्या आसपास. त्यामुळे ती बॅगेत नको, खिशात हवी, आणि प्रिस्क्रिप्शन बरोबर. तिथल्या वेळेला गोळी कशी सरकवायची ते डॉक्टरांनी सांगावं. इन्सुलिन असेल तर नक्कीच, कारण पश्चिमेकडे जाताना दिवस साडेनऊ तासांनी लांबतो.

प्रवासाच्या आठवड्यात फ्लाइटरडार२४ वर विमानाचा क्रमांक टाकून मागच्या सात दिवसांच्या नोंदी बघा. तिथला उड्डाणाचा वेळ चाकं जमिनीवरून सुटल्यापासून टेकेपर्यंतचा असतो, तिकिटाशी ताडताना त्यात तीस-चाळीस मिनिटं मिळवा. सातपैकी चार-पाच दिवस विमान ८च्या आधी टेकत असेल तर साडेअकराचं शार्लट निर्धास्त घ्या. रोजच पाऊणएक तास उशीर दिसत असेल तर दुपारी एकनंतरचं बघा.